दीड हजारांचे सभासदत्व आणि रविवारची खोली : ठाण्यातील एका माजी विद्यार्थी संघाच्या सेवेचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी जून महिन्यात मी ठाण्यातील माझ्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाचे आजीव सभासदत्व घेतले. मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी मी १९९४ साली याच महाविद्यालयातून घेतली, त्यानंतर सव्वीस वर्षे बँकेत काढली आणि स्वेच्छानिवृत्तीनंतर हाताशी थोडा मोकळा वेळ आल्यावर पुन्हा या दारात आले. दीड हजार रुपयांच्या बदल्यात संघ चार गोष्टी देतो : संकेतस्थळावर सभासदाची नोंद, दर वर्षी छापली जाणारी परिचयपुस्तिका, जानेवारीतील स्नेहमेळाव्याचे निमंत्रण आणि दर रविवारी सकाळी भरणाऱ्या मार्गदर्शन केंद्राचा लाभ, म्हणजे तिथे आपल्या घरातले मूल पाठवणे किंवा स्वतः काम करणे. चारही गोष्टी वर्षभर वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की केंद्रासाठी दीड हजार रुपये फारच थोडे आहेत आणि पुस्तिकेसाठी फारच जास्त. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे शिकलेल्यांना ते ओळखू येईल, आणि इतरांना आपापल्या महाविद्यालयाच्या संघाची हीच तऱ्हा असल्याचे आढळेल, अशी माझी समजूत आहे.

नोंदणीची प्रक्रिया सोपी आहे आणि त्याबद्दल कार्यालयाला पूर्ण गुण द्यायला हवेत. पदवी प्रमाणपत्राची प्रत, एक छायाचित्र आणि पैसे भरल्याची पावती एवढ्यावर काम झाले. मूळ गुणपत्रिका शोधत माळा उपसावा लागला नाही. संघ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे, हिशेबाची तपासणी दर वर्षी होते आणि ताळेबंद मागितल्यावर दाखवतात. आमच्या काळी असा संघ असल्याचे कोणाच्या कानावरही नव्हते. तो जागा झाला त्यामागे मूल्यांकनाचा मोठा हात आहे, हे तिथले कर्मचारीही हसत हसत मान्य करतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र विचार करते, त्यामुळे नोंदणीकृत संघ आहे का, त्याने महाविद्यालयाला काय दिले, हे कागदावर दाखवावे लागते. कारण काहीही असो, दार उघडले हे चांगले झाले. मात्र कागदावर काय दाखवायचे या चिंतेची छाया पुढे पुस्तिकेवर पडलेली दिसते.

पुस्तिकेसाठी जो तक्ता भरून घेतात, त्यात नाव, पदवीचे वर्ष, सध्याचे पद, संस्था आणि शहर यांनंतर ‘कारकिर्दीतील महत्त्वाचे टप्पे’ असे शीर्षक असलेल्या दहा ओळी आहेत. प्रत्येक ओळीला वर्षाचा वेगळा रकाना आहे आणि शेजारी ‘नियुक्ती’, ‘बढती’, ‘परदेशगमन’, ‘पुरस्कार’, ‘उच्च पदवी’ यांपैकी पर्याय निवडायची सोय आहे. त्याखाली ‘सामाजिक कार्य, असल्यास’ अशी एकच चौकट आहे आणि तिला शंभर अक्षरांची मर्यादा आहे. या ‘असल्यास’ शब्दावर मी जरा वेळ थांबले होते. पद असेलच, बढती मिळालेलीच असेल, पण सेवा मात्र असली तर असेल, असा त्या एका शब्दाचा सूर आहे.

छापील पुस्तिका हाती आल्यावर तो सूर सगळीकडे ऐकू आला. गुळगुळीत कागद, बांधणी भक्कम, शुद्धलेखन बहुतांशी बिनचूक, नोंदी पदवीच्या वर्षानुसार लावलेल्या. छपाईच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. शाखा व्यवस्थापक कोण कधी झाले, तिथून उपमहाव्यवस्थापक व्हायला किती वर्षे लागली, कोण दुबईला गेले आणि कोण परत आले, हे सर्व तारीखवार सापडते. माझी स्वतःची नोंद सहा ओळींची आहे आणि ती वाचताना मला बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच पानावर खाली माझ्या एका वर्गमैत्रिणीची नोंद आहे. नाव, १९९४, आणि पुढे एकच शब्द : ‘गृहिणी’.

ही मैत्रीण कळव्याला राहते आणि गेली अकरा वर्षे दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे त्यांनी तोंडी सांगितलेली उत्तरे लिहून देणारी व्यक्ती, मिळवून देते. हे काम बाहेरून दिसते तितके साधे नाही. लेखनिकांसंबंधीच्या केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणायचा असेल, तर त्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थ्याच्या शिक्षणापेक्षा एक पायरी खाली असावे लागते. त्यामुळे पदवीधर असलेली माझी मैत्रीण पदवीच्या परीक्षेला स्वतः लेखनिक म्हणून बसू शकत नाही. तिला दर हंगामात अकरावी-बारावीची मुले शोधावी लागतात. ज्यांचे अक्षर वाचता येते, ज्यांना कंटाळा न करता सांगितलेलेच लिहिता येते आणि ज्यांची स्वतःची चाचणी परीक्षा त्याच दिवशी नाही, अशी मुले. परीक्षार्थ्याला दर तासामागे किमान २० मिनिटे वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला चार तास लागतात, आणि त्या चार तासांसाठी दुसऱ्याच्या मुलाला सोडायला त्याच्या आईवडिलांना तयार करावे लागते. शिवाय ऐन वेळी कोणाला ताप आला तर राखीव मूल हाताशी असावे लागते. अकरा वर्षांत तिने अशी किती जुळवणी केली, याचा आकडा तिच्याजवळ नाही. जुन्या वह्या आहेत. तक्ता भरताना तिने चौकटीत ‘लेखनिक मिळवून देते’ एवढे तीनच शब्द लिहिले होते. छापताना तेवढेही गळले, कारण जागा वाचवण्यासाठी ज्यांचे ‘टप्पे’ कोरे होते त्यांची सामाजिक कार्याची चौकटही वगळावी, असे संपादन समितीने ठरवले होते.

हा तक्ता कितपत तोकडा आहे, ते पाहावे म्हणून मी एकदा तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावाने भरून पाहिला. अण्णासाहेब हे आमच्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. १८८४ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन बी. ए. झाले. टप्प्यांच्या ओळींत बसते ते इतकेच : १८९१, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक, १९१४, निवृत्ती. दहांपैकी दोन ओळी भरतात. विधवांसाठी १८९६ साली काढलेला आश्रम, हिंगण्याचे काम आणि १९१६चे महिला विद्यापीठ हे सारे शंभर अक्षरांत कोंबताना शेवटच्या शब्दाच्या मधेच जागा संपते. १९५८चे भारतरत्न तेवढे पुन्हा वरच्या ओळीत जाते, कारण ‘पुरस्कार’ हा पर्याय तिथे दिलेला आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांची पंचाईत याहून वेगळी झाली असती. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी पंचाहत्तर रुपयांहून अधिक मासिक वेतन न घेता वीस वर्षे शिकवायचे, असे बंधन होते आणि गोखल्यांनी ते पाळले. ती वीस वर्षे ‘नियुक्ती’त घालायची की ‘असल्यास’मध्ये, हे आमच्या संपादन समितीला ठरवता आले नसते. विद्यापीठ स्थापन व्हायच्याही आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टनच्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू करून प्रारंभी तिथे स्वतः विनावेतन शिकवले. तेव्हा शिकलेल्या माणसाने बिनपगारी काम करणे हा या इलाख्यातला काही नवा रिवाज नव्हे. नवा आहे तो हा रकाना.

आता रविवारच्या केंद्राविषयी. सभासद व्हावे असे मला ज्यासाठी वाटते, ती ही गोष्ट आहे.

तळमजल्यावरच्या एका वर्गखोलीत साडेनऊपासून साडेबारापर्यंत हे केंद्र चालते. बाके सरकवून तीन टेबले मांडलेली असतात : एक शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी, दुसरे मुलाखतीच्या तयारीसाठी आणि तिसरे हिशेबशास्त्र व संख्याशास्त्र यांतील अडचणींसाठी. विद्यार्थी आमच्याच महाविद्यालयाचा असला पाहिजे अशी अट नाही. किसननगर, लोकमान्यनगर, कळवा आणि दिवा इथली मुले सर्वाधिक दिसतात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इथून ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई मार्गावरच्या गाडीने येणारीही बरीच असतात. शुल्क काहीही नाही. चहा मात्र स्वतःच्या पैशाने प्यावा लागतो, आणि तो बरा नसतो.

शिष्यवृत्तीच्या टेबलावर ज्या बाई बसतात, त्या वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्याचे हिशेब सांभाळतात. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज का अडकतात, याचे त्यांच्याइतके नेमके ज्ञान मी अजून कोणाजवळ पाहिलेले नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे, हे बहुतेक पालकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की बँकेच्या खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी तेच खाते आधारशी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच मुलाच्या नावावर तीन बँकांत खाती असली, तर रक्कम ज्या खात्याची जोडणी सर्वांत शेवटी झाली तिकडे जाते, आणि मुलगा मात्र भलत्याच पासबुकावर नोंद शोधत राहतो. सव्वीस वर्षे बँकेत असूनही हा घोळ इतक्या सोप्या शब्दांत मला कोणाला सांगता आला नव्हता. बाई प्रत्येकाला आधी हेच विचारतात, मग उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे ते पाहतात, आणि त्यानंतरच अर्ज उघडतात. परिचयपुस्तिकेत त्यांचे नाव नाही, कारण त्यांनी सभासदत्वच घेतलेले नाही.

मुलाखतीच्या टेबलाचा अनुभव मला घरातूनच आला. कोपरखैरणे येथे राहणारा माझा भाचा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याने ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर तोंडपाठ करून ठेवले होते. टेबलावरचे गृहस्थ ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्याच्या कर्मचारी विभागातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी दोन वाक्ये ऐकली आणि हात वर करून म्हणाले, “थांब बाळ. आधी मराठीत सांग. तू काय काय केलंस ते मला कळू दे, मग इंग्रजीचं बघू.” मराठीत बोलताना पंधरा मिनिटांत असे बाहेर आले की भाचा दोन वर्षे संध्याकाळी वडिलांच्या दुकानाची बिले नोंदवतो आणि दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत वस्तू व सेवा कराच्या जीएसटीआर-१ व २० तारखेपर्यंत ३-बी विवरणपत्राची सारी तयारी करून करसल्लागाराकडे देतो. हे त्याने स्वतःच्या माहितीपत्रात कुठेच लिहिले नव्हते. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काका, त्याचा पगार कुठे मिळतो?” त्या दिवशी माहितीपत्र नव्याने लिहिले गेले, आणि पुढच्या तीन रविवारी तोच मजकूर इंग्रजीत बोलायचा सराव झाला. नोकरी लागली ती याच कामाच्या आधारावर लागली, असा दावा मी करणार नाही. मुलाखतीत त्याला सर्वांत जास्त वेळ याच कामाबद्दल विचारले, एवढे तो सांगतो.

तिसऱ्या टेबलाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तिथे शिकवणारे दर महिन्याला बदलतात आणि शिकवण्याची पातळी त्यानुसार वरखाली होते. एका रविवारी तिथे मीच बसले होते आणि संख्याशास्त्रातले एक उदाहरण माझ्याकडून चुकले, ते समोरच्या मुलीने सुधारले.

केंद्राचे दोष मुख्यतः व्यवस्थेचे आहेत. क्रमांक देण्याची पद्धत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीच्या टेबलापुढे दीड-दीड तास ताटकळावे लागते. रविवार म्हटला की मेगाब्लॉक आलाच, परंतु ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे पाहून वेळ पुढेमागे करण्याची कल्पना अद्याप कोणाला सुचलेली नाही. ट्रान्सहार्बर बंद असलेल्या एका रविवारी नवी मुंबईची मुले बारा वाजता पोहोचली आणि अर्ध्या तासात परत फिरली. आज कोणते स्वयंसेवक येणार आहेत, हे आदल्या दिवशीही कळत नाही. मुलाखतीचे काका दोन आठवडे गावी गेले होते, तेव्हा त्यांच्यासाठी आलेली सात-आठ मुले कोरी परत गेली.

या शेवटच्या दोषाबद्दल मी संघाच्या चिटणिसांशी बोलले. केंद्रात काम करणाऱ्यांची हजेरी आणि कामाचे तास लिहून ठेवावेत, आणि पुस्तिकेत त्यांची नोंद बढत्यांसारखीच वर्षावर्षाने छापावी, असे मी सुचवले. चिटणीस सज्जन आहेत, माझ्याहून दोन वर्षे पुढे होते. ते म्हणाले, “ताई, बढतीचं पत्र असतं हातात. कोण किती तास आलं, हे कसं मोजायचं? आणि मोजलं तर ती सेवा कसली?” त्यांच्या दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे, आणि मला त्यावर काही दिवस विचार करावा लागला. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच कपाटात असायला हवे होते, कारण महाविद्यालयात असताना हेच गृहस्थ राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक होते. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, आणि तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. प्रत्येकाजवळ दैनंदिनी असे, तिच्यात तारीख, काम आणि तास लिहून कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यावी लागे, आणि मगच वाढीव गुण मिळत. आम्ही विशीत असताना जे रीतसर मोजले जात होते आणि ज्याला सेवाच म्हटले जात होते, ते पन्नाशीत अचानक मोजता न येणारे का व्हावे, हे मला कळत नाही.

हा आग्रह मानासाठी नाही, असे मी त्यांना पुन्हा भेटून सांगितले. मुलाखतीचे काका उपलब्ध नाहीत हे आधी समजले असते, तर त्या सात-आठ मुलांचा रविवार वाया गेला नसता. आणि त्यांच्यासारखे काम येणारे आणखी कोण आहे, हे पुस्तिकेत सापडले असते तर त्यांच्या जागी कोणाला तरी बसवता आले असते. आज पुस्तिका उघडून मला मस्कतमधला उपमहाव्यवस्थापक अर्ध्या मिनिटात सापडतो, पण महाडीबीटीचा अर्ज भरून देणारी दुसरी व्यक्ती सापडत नाही. माहितीपुस्तिका म्हणून ही तिची उणीव आहे. चिटणिसांनी वहीत लिहून घेतले.

आणखी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. पुस्तिकेत सर्व सभासदांचे भ्रमणध्वनी क्रमांक छापलेले आहेत आणि ते छापू का, असे आम्हाला कोणी विचारले नव्हते. पुस्तिका निघाल्यानंतरच्या महिन्यात मला विम्याचे नऊ आणि घोडबंदर रस्त्यावरील सदनिकांचे चौदा दूरध्वनी आले; त्यांतल्या एका विक्रेत्याने तर ‘चौऱ्याण्णवच्या तुकडीसाठी खास दर’ असल्याचे सांगितले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे आणि संमती हा त्याचा पाया आहे; संघाने निदान एक ‘हो किंवा नाही’ अशी चौकट तरी तक्त्यात घालायला हवी.

स्नेहमेळावा ठीक होता. भाषणे लांबली, जेवण वेळेवर होते आणि सत्कार झालेले अकराही जण पदामुळे निवडलेले होते. ग्रंथनिधीला दिलेल्या देणगीची पावती मात्र त्याच दिवशी मिळाली आणि आयकराच्या वजावटीसाठी लागणारे ८०-जी कलमाखालील प्रमाणपत्रही मुदतीत आले. नवी करप्रणाली निवडलेल्यांना त्या वजावटीचा उपयोग नाही आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीलाही ती लागू होत नाही, हे तिथे आधीच सांगतात, हा प्रामाणिकपणा आवडला.

ज्यांना जुन्या मित्रमंडळींचा ठावठिकाणा हवा आहे, त्यांनी पुस्तिका कोणाची तरी मागून वाचावी. ज्यांच्या घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाचे मूल आहे, त्यांनी सभासद नसतानाही केंद्रावर जावे; कोणी अडवत नाही. जाताना उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, गेल्या वर्षाची गुणपत्रिका, पासबुक आणि आधारला जोडलेला भ्रमणध्वनी सोबत असावा, आणि नऊ वाजता तिथे असावे. ज्यांच्याजवळ रविवारची सकाळ मोकळी आहे, त्यांनी दीड हजार भरावेत की न भरावेत हा प्रश्न गौण आहे. वागळे इस्टेटच्या बाईंनी भरलेले नाहीत.

यंदाच्या पुस्तिकेचा तक्ता दिवाळीनंतर आला. टप्प्यांच्या दहा ओळी तशाच आहेत. सामाजिक कार्याची चौकट तीनशे अक्षरांची झाली आहे, ‘असल्यास’ गेले आहे, आणि क्रमांक छापण्याच्या संमतीसाठी एक लहानसा चौकोन आला आहे. मी कळव्याला जाऊन मैत्रिणीकडून तो भरून घेतला. टप्प्यांच्या ओळी तिने कोऱ्याच ठेवल्या, क्रमांकाच्या चौकोनात ‘हो’ केले आणि चौकटीत लिहिले : ‘दृष्टिहीन परीक्षार्थ्यांना लेखनिक मिळतील. परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी कळवावे. अकरावी-बारावीची मुले घरात असल्यास तेही कळवावे.’